मुठीतला कळप

मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात स्पॅनिश भाषा शिरावी, हा एक प्रकारचा घरभेदच म्हटला पाहिजे. आमच्या घरी तो माझ्या मुलीने केला. बारावीचा निकाल लागला, कॉलेजात नाव घातले, आणि 'संध्याकाळचे दोन तास फुकट जातात' असे सांगून ही पोरगी स्पॅनिशच्या एका वर्गाला जाऊ लागली. मी म्हटले, "अगं, परकी भाषाच शिकायची तर कानडी शीक. शेजारधर्म म्हणून तरी!" ती म्हणाली, "बाबा, कानडीने दक्षिण अमेरिका पालथी घालता येत नाही." या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दक्षिण अमेरिका राहू द्या, मी अजून धारवाडदेखील पाहिलेले नाही.

तेव्हापासून आमच्या घरात रोज नवनवे शब्द पाहुण्यासारखे येऊ लागले. काही उभ्याउभ्या येऊन जात, काही मुक्काम ठोकत. एका रविवारी सकाळी मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो होतो, सौभाग्यवती मेथी निवडीत होत्या, आणि कन्यारत्न आपली वही घेऊन आमच्या मधोमध येऊन बसले.

"बाबा, आज तुमच्या आवडीचा विषय आहे. समूहवाचक शब्द!"

मी चष्मा कपाळावर सरकवला. समूहवाचक शब्द म्हणजे आम्हा मराठीच्या मास्तरांचे राखीव कुरण. मी लगेच सुरुवात केली: गुरांचा कळप, पाखरांचा थवा, उंटांचा तांडा, केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस, करवंदांची जाळी, किल्ल्यांचा जुडगा, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, लाकडांची मोळी...

"मेथीची जुडी," सौभाग्यवतींनी मान वर न करता भर घातली.

"आता माझी ऐका," मुलगी म्हणाली. "पाखरांचा थवा म्हणजे 'बांदादा'. मधमाश्यांचे मोहोळ ते 'एन्हाम्ब्रे'. ओझ्याच्या खेचरांची माळ 'रेकुआ'. शिकारी कुत्र्यांचा जमाव 'हाउरिया'. डुकरांचा कळप 'पियारा'."

"पियारा? डुकरांना?" सौभाग्यवतींच्या हातातली काडी खाली पडली.

"आणि ह्या सगळ्यांत जो शब्द कुठेही चालतो, तो 'मानादा'. मेंढ्यांची मानादा, हत्तींची मानादा, लांडग्यांची मानादा. आणि बोलण्याच्या ओघात माणसांचीसुद्धा."

"हा शब्द आला कुठून?" मी विचारले. दुसऱ्याच्या घरच्या माणसाचे गोत्र विचारण्याची खोड आम्हा लोकांना असतेच.

तिने स्पॅनिश अकादमीचा कोश उघडला. ही अकादमी १७१३ साली स्थापन झाली आणि तिचा पहिला कोश १७२६ ते १७३९ या काळात सहा खंडांत निघाला. आपल्याकडे मोल्सवर्थसाहेबाचा कोश १८३१ साली छापला गेला, हे मी तिला सांगून घेतले. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. कोश सांगत होता की 'मानादा' शब्दाच्या पोटात 'मानो' म्हणजे हात आहे. लॅटिनमधला 'मानुस', तोच हा. आणि मौज अशी, की 'मानादा' या शब्दाचा आणखी एक अर्थ तिथे दिलेला होता: गवत, गहू किंवा जवस यांचा, एका वेळी हातात मावेल एवढा पुंजका. म्हणजे आपली मूठ.

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांच्या डाव्या हातात मेथीची मूठ होती आणि उजव्या हाताने त्या पाने खुडत होत्या. तीन-चार शतके आणि दोन समुद्र ओलांडून आलेला तो शब्द आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर असा प्रत्यक्ष बसलेला पाहून मला आनंद झाला. मुठीत मावतात तेवढे गहू म्हणजे मानादा. आणि एका माणसाच्या हाताखाली राहतात तेवढी मेंढरे, तीही मानादा. मुठीपासून कळपापर्यंतची वाट त्या शब्दाने कशी काटली असेल, याचे चित्र मी माझ्यापुरते रंगवून टाकले. कोशातला कळपाचा पहिला अर्थही माझ्या चित्राला आधार देणारा होता. नुसता 'जनावरांचा समूह' असे तिथे म्हटलेले नव्हते. 'एका मेंढपाळाच्या देखरेखीखाली असलेली गुरे-मेंढरे' असे होते. कळप म्हटला की राखणारा आलाच.

स्पेनसारख्या देशात हे साहजिकच आहे. तिथल्या लोकरीने एके काळी राजांच्या तिजोऱ्या भरल्या. मेंढपाळांची 'मेस्ता' नावाची संघटना दहाव्या अल्फोन्सो राजाने १२७३ साली मान्य केली, आणि ती १८३६ पर्यंत टिकली. थंडीत दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत, असे हे कळप शेकडो मैल चालत. त्यांच्यासाठी राजमार्ग राखून ठेवलेले होते, आणि त्यांतले मोठे मार्ग नव्वद वारा, म्हणजे सुमारे पंचाहत्तर मीटर रुंद असत. आमच्या शहरात माणसांसाठीदेखील एवढा रस्ता सापडायचा नाही. या हक्काची आठवण म्हणून १९९४ पासून ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी मेंढ्यांचे कळप भर माद्रिद शहरातून नेले जाऊ लागले. मोटारी थांबतात आणि मेंढ्या जातात. 'दोन किहोते'च्या १६०५ च्या पहिल्या भागात तर हा शब्द अगदी मानाने आलेला आहे. समोरून धुळीचे लोट उठतात, आमचा वेडा सरदार त्यांना दोन सैन्ये समजून घोडा फेकतो, आणि धूळ बसल्यावर दिसतात त्या मेंढ्यांच्या दोन मानादा!

मला माझ्या आजोबांचे शेत आठवले. दिवाळी झाली, पिके निघाली, की धनगर येत आणि खतासाठी आमच्या रानात मेंढ्या बसवीत. शे-दीडशे मेंढ्या, माझ्या डोळ्यांना सगळ्या सारख्या. त्यांतला म्हातारा धनगर मात्र संध्याकाळी काठीवर हनुवटी टेकून नुसती नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "पांढऱ्या कानाची मागं ऱ्हायली." त्याने मेंढ्या मोजल्याचे मी कधी पाहिले नाही. कोण आले नाही, ते त्याला कळे.

हे सगळे मी मोठ्या रंगात येऊन मुलीला सांगत होतो. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा मात्र रंगलेला नव्हता.

"आमच्या बाईंनी सांगितलं," ती म्हणाली, "की हा शब्द नुसता कोशात पाहू नका. गेल्या काही वर्षांची वर्तमानपत्रं काढून पाहा. मी पाहिली."

आणि तिने मला पाम्प्लोना गावाची हकीकत सांगितली.

पाम्प्लोना हे स्पेनच्या उत्तरेचे गाव. तिथे दर जुलैच्या ६ ते १४ तारखांना सान फर्मीनचा उत्सव भरतो. हेमिंग्वेच्या १९२६ च्या कादंबरीने तो जगभर माहीत केला. सात तारखेपासून रोज सकाळी आठाच्या ठोक्याला झुंजीचे सहा वळू अरुंद गल्ल्यांतून सोडतात. गळ्यात घंटा बांधलेले माणसाळलेले बैल त्यांच्यासोबत धावतात, आणि पांढरे कपडे, लाल रुमाल अशा वेषातली शेकडो माणसे पुढे पळत सुटतात. सुमारे साडेआठशे मीटरची ही धाव दोन-चार मिनिटांत संपते. वळवांच्या त्या जमावालाही तिथले बातमीदार 'मानादा'च म्हणतात. मानादा एकत्र राहिली, असे म्हटले की लोक निःश्वास सोडतात. कारण कळपात धावणारा वळू बहुधा सरळ धावतो. भीती असते ती कळपातून सुटलेल्या एकट्या वळूची. तो बावरतो, उलटा फिरतो, आणि दिसेल त्याला शिंगावर घेतो.

२०१६ सालच्या ७ जुलैला पहिली धाव सुटायला काही तास असताना, पहाटे तीनच्या सुमारास, त्याच गावात अठरा वर्षांची एक मुलगी आपल्या मुक्कामाकडे परतत होती. सेव्हिलचे पाच तरुण तिच्यासोबत चालू लागले. त्यांतला एक सैनिक होता, एक 'सिविल गार्ड' या पोलीस दलातला. एका इमारतीच्या तळमजल्याच्या कोपऱ्यात त्यांनी तिला नेले आणि पाचांनी मिळून तिच्यावर अत्याचार केला. त्याचे मोबाईलवर चित्रण केले. जाताना एकाने तिचा मोबाईलही नेला. या मित्रांचा व्हॉट्सॲपवर एक गट होता. त्याचे नाव त्यांनीच ठेवले होते: 'ला मानादा'. ते सगळ्या खटल्यालाच चिकटले.

"अठरा वर्षांची," मुलगी म्हणाली. पुढे काही बोलली नाही. सौभाग्यवतींचा हातही थांबला होता. आमच्या घरात त्या वेळी अठरा वर्षांचे कोण होते, हे कुणी सांगायला नको होते.

खटल्याची कथा लांब आहे. २६ एप्रिल २०१८ रोजी नावार्राच्या न्यायालयाने पाचही जणांना नऊ-नऊ वर्षांची शिक्षा दिली. पण गुन्हा ठरवला तो लैंगिक गैरवर्तनाचा, आक्रमणाचा नव्हे. कारण, त्यांच्या मते, बळजोरी किंवा धमकी सिद्ध झाली नव्हती. तीन न्यायाधीशांपैकी एकाने तर आरोपींना सोडून द्यावे असे मत लिहिले. ती मुलगी ओरडली नव्हती, झटापट करीत नव्हती. डोळे मिटून निश्चल झाली होती. त्या दिवशी स्पेनमधल्या गावोगावी बायका रस्त्यावर उतरल्या. पुढे २१ जून २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: हे आक्रमणच होते. प्रत्येकाला पंधरा वर्षे, आणि मोबाईल चोरणाऱ्याला आणखी दोन.

त्या निकालातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. त्या अरुंद, आडोशाच्या जागी पाच धडधाकट पुरुषांनी तिला घेरले होते, आणि ती परिस्थितीच तिला भेदरून टाकणारी होती, असे न्यायालयाने मानले. कुणी चाकू दाखवला नाही, कुणी शब्दाने धमकावले नाही. तिच्या भोवती असणे हीच धमकी होती. पुढे २०२२ साली स्पेनमध्ये नवा कायदा झाला. संमती म्हणजे स्पष्ट होकार, गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, हे त्याने ठरवले. त्यातल्या शिक्षेच्या कलमांमुळे काही गुन्हेगारांच्या शिक्षा उलट कमी झाल्या आणि २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती करावी लागली. पण होकाराचे तत्त्व कायम राहिले.

आणि शब्दाचे काय झाले? मला वाटले होते, असा शब्द लोक आता टाकून देतील. घरात एखाद्याच्या नावाला बट्टा लागला की ते नाव आपण पुढच्या पिढीत ठेवीत नाही. पण त्या बायकांनी निराळेच केले. मोर्चांत त्यांनी घोषणा दिली, "एर्माना, आकी एस्ता तू मानादा!" बहिणी, तुझी मानादा ही इथे आहे! पाच जणांनी पळवलेला शब्द हजारो जणींनी हात धरून परत आणला.

खरे तर तो त्या पाचांचा कधीच नव्हता. असे नाव घेताना मेंढ्या कुणाच्या डोळ्यांसमोर नसतात, लांडगे असतात. पण त्यात लांडग्यांचीही बदनामीच आहे. लांडग्यांच्या टोळीत दांडगाई करून एक जण पुढारी होतो, ही समजूत बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या कोंडलेल्या लांडग्यांवरून निघाली. शेंकेल यांचा तो अभ्यास १९४७ चा. डेव्हिड मेक या शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. पण रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहून १९९९ साली खुद्द मेक यांनीच लिहिले की, बाबांनो, ही टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असते. आई, बाप आणि त्यांची पिल्ले. बस्स. स्पॅनिश बालवीरांमध्येही लहान मुलांच्या गटाला 'मानादा'च म्हणतात. कारण बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली या लहानग्यांसाठी जी योजना आखली, तिची कल्पना किपलिंगच्या 'जंगल बुक'मधली, आणि त्या गोष्टीतले लांडगे तर आपल्या नागपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या सिवनीच्या डोंगरातले! मोगलीला राखणारी ती मानादा होती.

इथवर मी पुष्कळ बोललो. शब्दांविषयी बोलत राहणे मला सोपे जाते. मग मुलीने वही मिटली आणि विचारले:

"बाबा, मला एकच कळत नाही. पाच जण होते. त्यांतल्या एकाला तरी 'मी घरी जातो' असं का वाटलं नसेल?"

मी उत्तरपत्रिका पुढे ओढली. दोन ओळी वाचल्या. काय वाचले ते कळले नाही. मग पेन खाली ठेवले, आणि जे मी लग्नाला बावीस वर्षे झालेल्या बायकोलाही कधी सांगितले नव्हते, ते सांगितले.

१९९७ सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजच्या फाटकासमोर चहाची टपरी होती आणि तिच्यापुढे आमचा अड्डा. त्यांतले पाच जण शाळेपासूनचे मित्र; मी सहावा, मागून आलेला. म्हणून ते स्वतःला पांडव म्हणवीत आणि मला कर्ण. या नावांचा आम्हाला फार अभिमान होता. भर सभेत गप्प बसले ते पांडव आणि तोंड टाकले ते कर्णाने, हे मी आज वर्गात शिकवतो. तेव्हा ते ध्यानात आले नव्हते.

सायन्सच्या वर्गातली एक मुलगी रोज त्या रस्त्याने सायकलवरून जाई. तिच्यावर काही ना काही बोलायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम होता. बोलत ते, हसत आम्ही सगळे. पावसाळ्यातल्या एका दुपारी तिच्या सायकलची साखळी नेमकी टपरीसमोर पडली. ती खाली उतरली. आम्ही सहा जण उठून तिच्याभोवती उभे राहिलो. मदतीलाच जणू! एकाने कॅरिअरला लावलेले प्रॅक्टिकलचे जर्नल काढून घेतले. ती त्याच्याकडे वळली तशी त्याने ते दुसऱ्याकडे दिले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. डोक्यांवरून ते जर्नल फिरू लागले आणि मध्यभागी ती फिरू लागली.

मग ते माझ्या हातात आले.

ती माझ्यासमोर आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाली, "दादा, द्या ना."

जर्नल माझ्या हातात होते. एखादा क्षण असेल, दोन असतील. हात पुढे केला असता तर संपले असते. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडले, "कर्णा, इकडे!" आणि मी ते तिच्या डोक्यावरून टाकले. त्याला झेलता आले नाही. जर्नल चिखलात पडले. सगळे खदखदून हसले, मीही हसलो. तिने ते उचलले, ओढणीने पुसले, साखळी न चढवताच सायकल हातात धरून चालू लागली. रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्या रस्त्याने दिसली नाही. मागच्या बाजूने, वखारीवरून एक लांबचा रस्ता होता, त्याने जात असावी.

तुम्ही म्हणाल, कुठे पाम्प्लोना आणि कुठे चिखलात पडलेले जर्नल! दोन्हींना एका तागडीत कसे घालता? मीही घालत नाही. इतकी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो. सुरुवात मी केली नव्हती. तिला नावे मी ठेवली नव्हती. मी नुसता तिथे होतो. पण 'नुसते तिथे असणे' म्हणजे काय, हे त्या परक्या देशातल्या न्यायाधीशांनी मला सांगितले. आणि 'मानादा' या शब्दाच्या पोटात हात आहे, हे कळल्यापासून माझा हात मला फार दिसू लागला आहे. घोळक्याला हात नसतो. जर्नल घोळक्याने टाकले नाही. ते मी टाकले, उजव्या हाताने. वळू एकटा पडला की बिथरतो. मी एकटा असतो, तर ती साखळी बसवून दिली असती, काळे झालेले हात पँटला पुसले असते, आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिलो असतो.

माझे सांगून झाले. बराच वेळ कुणी बोलले नाही. सौभाग्यवती उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा झाला.

मुलीने विचारले, "तिचं नाव काय होतं?"

"माहीत नाही," मी म्हटले.

"वर्षभर रोज पाहत होतात ना?"

"हो. आम्ही तिला दोन-तीन नावं ठेवली होती. खरं नाव कुणी विचारलं नाही."

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरे झाले असते. आपल्या ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि तोच का हा, अशी शंका यावी, तशी ती नजर होती. मग ती वही उचलून आपल्या खोलीत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी फारसे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझा चहा नेहमीसारखा टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाली, "बाबा, सांगितलंत ते बरं केलंत." एवढेच. त्यावर मीही काही विचारले नाही.

माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात नव्वद विद्यार्थी आहेत. हजेरी मी कित्येक वर्षे आकड्यांनी घेत आलो. 'एक, दोन, तीन' म्हणायचे, 'हजर, हजर' ऐकायचे. पाच मिनिटांत काम उरकते. त्या सोमवारपासून मी नावाने हजेरी घेऊ लागलो. दहा-बारा मिनिटे जातात. विद्यार्थी कंटाळतात. मागच्या बाकांवरून जांभयांचे निरनिराळे प्रकार ऐकू येतात. अभ्यासक्रम मागे पडतो, अशी कुरकुर एका सहकाऱ्यानेही केली. पण तीन महिन्यांत माझी साठ-पासष्ट नावे पाठ झाली. परवा जिन्याच्या वळणावर पाच-सहा पोरांचे टोळके उभे होते आणि दोन मुली वर यायच्या थांबल्या होत्या. पूर्वी मी "काय रे, काय चाललंय?" असे घोळक्याला विचारले असते, आणि घोळक्याने "काही नाही सर" असे उत्तर दिले असते. आता मी त्यांतल्या एकाला नावाने हाक मारली. तो चमकला, दोन पायऱ्या बाजूला झाला. मग दुसऱ्याला. वाट मोकळी झाली. त्यात मी काही पराक्रम केला असे नाही. पण आजोबांच्या रानातला म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून काय करीत असे, ते मला थोडे कळल्यासारखे वाटले.

मुलीचा स्पॅनिशचा वर्ग संध्याकाळी साडेसातला सुटतो. पूर्वी आठ वाजले की मी गॅलरीत येरझारा घालू लागे, आणि ती आली की माझ्यावर चिडे. हल्ली त्या पाच जणी एकत्र येतात. तीन स्कूटर, पाच मुली. ज्या त्या मुलीला तिच्या दारापर्यंत पोचवीत, सगळ्यात शेवटी आमची गल्ली. मी काळजी करतो असे दिसले की ती म्हणते, "बाबा, माझी मानादा आहे ना बरोबर!"

काल धनत्रयोदशी होती. शेजारच्या घरांवर आकाशकंदील लागले होते. कोपऱ्यावर स्कूटरचे दिवे दिसले तसा मी गॅलरीच्या कठड्याशी गेलो. आज सणाचा दिवस, म्हणून सगळ्याजणी फराळाला आमच्याकडेच यायच्या होत्या. हेल्मेट घातलेली पाच डोकी खाली दिसत होती, वरून सगळी सारखी. मी एकेकीचे नाव घेऊन हाक मारली. चौघींनी मान वर करून हात हलवले.

पाचवी माझी. तिने खालूनच विचारले, "बाबा, हजेरी झाली का?"

"झाली," मी म्हटले. "या वर."